दादासाठी सीमेचे नियम

२ फेब्रुवारी

चि. सौ. नकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. अकरा वर्षांत मी तुला लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस, तेव्हा फिटंफाट. जुनं उगाळत बसायचं वय आता दोघांचंही राहिलेलं नाही. माझा रक्तदाब वाढलाय, दोन गोळ्या सकाळी आणि एक संध्याकाळी चालू आहे.

कारण असं की मुलीचं ठरलं. मुलगा तुमच्या तिकडचाच आहे, तिच्याच प्रयोगशाळेत काम करतो. २६ मार्चला, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, नोंदणी कचेरीत सह्या करायच्या आणि झालं. मुलीकडून घरातलं एक वडीलधारं माणूस साक्षीदार लागतं. तुझी वहिनी जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा ते माणूस मीच. कचेरी लहान आहे म्हणे, पाच-सहा जणांपलीकडे मावत नाहीत, म्हणून तुला आग्रह करत नाही. गैरसमज नसावा.

मी जन्मात कधी सीमा ओलांडलेली नाही. तू नाक्यासमोरच खिडकीत बसतेस आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फॉर्म भरून देतेस, असं बारकीकडून कळलं. म्हणून विचारतो: काय आणावं, काय आणू नये, पैसे कुठे बदलावेत, जकातवाले काय काय विचारतात? मुलीसाठी तीन तोळ्यांचा हार घडवलाय, तो कसा आणावा? फोनवर पाच मिनिटांत झालं असतं, पण बारकी म्हणते की तू माझ्याशी फोनवर बोलणार नाहीस, विचारायचं ते लिहून विचार. हा काय हट्ट, देव जाणे. असो.

उत्तर लवकर पाठव. मोठ्या भावाचे आशीर्वाद पाठीशी आहेतच, ते मोजून दाखवायला नकोत.

तुझा,
दादा

*

८ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला कसा आहे? बाइंडिंगच्या कारखान्यात तो कागदाचा भुगा नाकातोंडात जातो, तोंडाला फडकं बांध म्हणून मी तीन पत्रांत लिहिलं. तू बांधणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण लिहिण्याचं माझं काम मी केलं.

आता खरी बातमी. दादाचं पत्र आलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यातलं गाढव यंदा मी आहे. लेकीच्या लग्नाला यायचंय, सीमा ओलांडायची माहिती हवीय. मला लग्नाला बोलावलेलं नाही. कचेरीत जागा कमी आहे असं कारण दिलंय. ज्या आत्याला वाट विचारायची तिलाच दाराबाहेर ठेवायचं, हे फक्त दादालाच सुचू शकतं.

पत्र वाचून मी हसले, बारके. खरंच हसले, शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक माझ्याकडे बघायला लागला. अकरा वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली असं म्हणणं खोटं होईल, कारण असा दिवस येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण आला आहे तर मी तो वाया घालवणार नाही.

तुला पटत नाही हे माहीत असूनही पुन्हा एकदा सांगते. अण्णा आजारी पडले तेव्हा वाण्याच्या दुकानातल्या फोनवर दादा मला म्हणाला की नुसत्या पासपोर्टवर येऊ नकोस, आजारी माणसाचे वारस म्हणून येणाऱ्यांना आता वेगळा शिक्का लागतो, त्याशिवाय इकडे आलीस तर परत जाऊ देणार नाहीत. माझी पोर तेव्हा चार महिन्यांची, पाळण्यात. मी घाबरले. त्या शिक्क्यासाठी नऊ दिवस कचेरीत रांगेत उभी राहिले, या टेबलावरून त्या टेबलावर. नवव्या दिवशी हेडक्लार्कने चष्मा कपाळावर चढवून विचारलं की बाई, असा शिक्का अस्तित्वातच नाही, तुम्हाला कुणी सांगितलं. मी पोचले तेव्हा अण्णांना जाऊन दोन दिवस झाले होते आणि घराच्या कागदावर त्यांचा अंगठा घेऊन झाला होता.

घर गेलं त्याचं मला काही नाही. पण माझ्याकडे त्या फोनचा पुरावा नव्हता, आणि त्याने सांगितलं ते तू मानलंस. अण्णांनी मानलं ते तर त्यांच्याबरोबरच गेलं. त्या वर्षी मी ही खिडकी धरली. आता या नाक्यावरचा एक नियम असा नाही जो मला झोपेत विचारला तर सांगता येणार नाही.

तेव्हा दादाला मी काय उत्तर द्यावं, तूच सांग.

तुझ्यावर रागावलेली आणि तरी तुझीच,
ताई

*

१४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि माझं जेवण राहिलं. फडकं बांधते, शपथ घेऊन सांगते, निदान सकाळच्या पाळीत तरी बांधते.

ताई, हात जोडते, तू काही वेडंवाकडं करू नकोस. तुझ्या मनात दादाबद्दल काय आहे ते मला माहीत आहे. पण लग्न त्याचं नाही, आपल्या भाचीचं आहे. तिला आई नाही. वडीलही पोचले नाहीत तर ती त्या कचेरीत एकटी उभी राहील. तिने कुणाचं काय वाकडं केलंय?

त्या जुन्या गोष्टीबद्दल मी काय बोलू? मी अण्णांच्या उशाशी होते. दार वाजलं की ते मान वळवायचे आणि तुझं नाव घ्यायचे. दादा म्हणाला की तीनदा फोन केला, ती म्हणते पुढच्या महिन्यात बघू, तिला तिकडचं सुख सोडवत नाही. तू सांगतेस ते वेगळंच. दोघंही माझीच. एकाचं खरं मानलं की दुसरं माणूस हातचं जातं. म्हणून मी आजवर ठरवलंच नाही. भित्री म्हण मला.

एवढंच कर. दादाला जे लिहिशील त्याची नक्कल मला पाठव. मग मला शांत झोप लागेल.

तुझ्या रागासकट तुझ्या मायेची हक्कदार,
बारकी

*

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून सांगते. कार्बन घालून लिहिते आहे, नक्कल बारकीकडे जाईल. मी काय लिहिलं याबद्दल पुढे कुणाच्या मनात शंका नको.

आधी पासपोर्ट काढून बघ. प्रवासाच्या दिवसापासून पुढे सहा महिने तो चालू असला पाहिजे. गुरुवारी सकाळी नऊच्या आत नाक्यावर पोच, कारण साडेबारा ते दोन खिडक्या बंद असतात आणि त्यानंतरच्या रांगेत उभं राहण्यात दिवस जातो. लवकर करून देतो म्हणणारे दलाल भेटतील. त्यांच्या हातात पासपोर्ट द्यायचा नाही आणि कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही. वाटेत कुणी गोड बोलून एखादं पुडकं पोचवायला दिलं तर सरळ नाही म्हण.

पैसे बदलून देणारे बाहेर हाका मारत असतात. भाव चांगला सांगतात आणि मोजताना मधली नोट गाळतात. आत बँकेची खिडकी आहे, तिथेच बदल, तेही दोन दिवसांपुरतेच. पावती जपून ठेव, कारण जाताना उरलेले पैसे त्या पावतीशिवाय परत बदलून मिळत नाहीत. फाटकी किंवा शाई लागलेली नोट इथे कुणी घेत नाही. सुटे मागून घे, बसचा कंडक्टर मोठ्या नोटेकडे बघतसुद्धा नाही. फॉर्मवर छापलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रोख असेल तर आकडा लिही. लिहिलेले पैसे कुणी काढून घेत नाही, न लिहिलेले घेतात.

गोळ्या सगळ्या एका डबीत ओतून फिरायची तुझी जुनी खोड आहे. तसं करू नकोस. मूळ पाकिटातच ठेव आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर आण. रोपं, बिया, घरचं दूधदुभतं आणू नकोस, ते फेकून देतात.

आता हार. आत शिरलास की दोन वाटा दिसतील, एक हिरव्या पाटीची, एक लाल. हिरव्या पाटीखालून गेलास म्हणजे जवळ सांगण्यासारखं काहीच नाही असं तू सांगितल्यासारखं होतं. तू लाल पाटीखाली जा. फॉर्मच्या सातव्या रकान्यात हार लिही, वजन लिही, मुलीला भेट असं लिही आणि सराफाची पावती जोड. एवढ्या वजनाच्या भेटीवर जकात नाही. शिक्का मारून पिवळी प्रत तुझ्या हातात देतील. पाच मिनिटांचं काम आहे.

न लिहिता आणलास आणि सापडला, तर हार जप्त, पासपोर्ट जप्त, आणि सुनावणी होईपर्यंत नाक्याच्या विश्रांतिगृहातून हलता येत नाही. सुनावणी फक्त सोमवारी असते. त्याआधी सुटायचं तर इथे पाच वर्षं राहिलेल्या रक्ताच्या नातेवाइकाने अधिकाऱ्यासमोर जामीनदार म्हणून सही करावी लागते, मग सुनावणीला तो जामीनदारच हजर राहिला तरी चालतं. तुझ्या मुलीला इथे येऊन दोनच वर्षं झालीत, तिची सही चालणार नाही.

या पत्रात एकही शब्द खोटा नाही. यापेक्षा जास्त मी काही लिहू शकत नाही. वडीलकीचा मान म्हणून नमस्कार लिहिला आहे, तो घ्यावा.

तुझी बहीण

*

५ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

मी खुशाल. २४ला निघतो, २५ला नाक्यावर. वेळ थोडा आहे म्हणून मुद्द्याचं लिहितो.

नकटीची यादी आली. तुझ्याकडेही नक्कल आली असेलच. वाचून हसावं की रडावं कळेना. म्हणे लाल पाटीखाली जा, हार लिहून दे, वजन लिहून दे, पावतीसुद्धा दे! म्हणजे चोराला तिजोरीची किल्ली आपल्याच हाताने द्यायची. एवढ्या वर्षांत मी एकही माणूस पाहिला नाही की जो जकातवाल्यापुढे स्वतः होऊन सोनं काढून ठेवतो. आणि वर लिहिते काय, तर एकही शब्द खोटा नाही. ज्याला खोटं बोलायचं असतं तोच असं लिहितो.

तिने तुला सगळं सांगितलंच असणार, तेव्हा तुझ्यापासून काय लपवू? अण्णांच्या वेळी मी तिला त्या शिक्क्याच्या रांगेत उभं केलं, ते ती विसरली असेल असं तुला वाटतं का? मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं. आपली पाळी आली की उट्टं काढायचं, हा माणसाचा स्वभाव आहे. तू तेव्हा लहान होतीस, तुला व्यवहार कळत नव्हता. ती आली असती तर अण्णांनी घराचे तीन तुकडे केले असते आणि तिघांपैकी कुणालाच धड काही मिळालं नसतं. मी घर एकत्र राखलं, हे कुणी बोलत नाही.

असो. माझ्या ओळखीच्या शिंप्याकडून कोटाच्या अस्तरात हार शिवून घेतलाय. टाका दिसत नाही इतकं सुबक काम आहे. तरी मनात एक किंतु आहे. तुझा तिच्याशी पत्रव्यवहार असतो. तिची यादी खरी आहे की खोटी, तुझं काय मत आहे, ते एका ओळीत कळव. तू कधी लबाडी केली नाहीस, तुझ्या शब्दावर मी विश्वास ठेवीन.

खोकल्याला ज्येष्ठमध चघळत जा.

तुझा दादा

*

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. यादीबद्दल माझं मत विचारलंस. मी लहान, मला तेव्हाही व्यवहार कळत नव्हता, आता कुठून कळणार? तुझं तू जाणतोस. शिंपी ओळखीचा आहे हे बरं झालं.

प्रवासात गोळ्या वेळेवर घे.

बारकी

*

९ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत दादाचं पत्र जोडलं आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? मी कारखान्यात, शिवायला आलेल्या वह्यांच्या ढिगाशी उभी राहून वाचलं आणि तिथेच खाली बसले. मुकादमीण पाणी घेऊन आली. तिला वाटलं घरी कुणी गेलं. मी हो म्हटलं. अकरा वर्षांपूर्वी गेलं आणि मला आज कळलं, हे तिला कसं समजावणार?

ताई, अण्णांना चमच्याने पाणी पाजताना मी तुला मनात शिव्या घातल्या आहेत. तू आलीस तेव्हा दारात तुझ्या गळ्यात पडायचं सोडून मी आत निघून गेले. तू रडत मला ते फोनचं सांगत होतीस आणि मी दुधाचं पातेलं घासत होते. त्यानंतर तू दर महिन्याला पत्र लिहीत राहिलीस आणि मी तुला दर वेळी एक पान कमीच लिहिलं. काय तोंडाने क्षमा मागू? तू म्हणशील ते प्रायश्चित्त घेईन. फडकं तर बांधतेच आहे, दोन्ही पाळ्यांत.

आणखी एक सांगायचं आहे. त्याने मला एक ओळ विचारली होती. तुझी नक्कल माझ्यासमोर होती. ताईने लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे, लाल पाटीखाली जा, एवढं मी लिहिलं असतं तर त्याने मानलं असतं. लबाडी न करणारी म्हणून माझी ख्याती आहे ना! मी ती ओळ लिहिली नाही. खोटंही लिहिलं नाही. त्याला त्याच्या शहाणपणावर सोडून दिलं.

महिन्याभरापूर्वी मी तुला म्हणत होते, वेडंवाकडं करू नकोस. आता सांगते, तो अडकला आणि तुझ्यापुढे हात पसरून उभा राहिला, तर सही करू नकोस. भाचीचं वाईट वाटतं. तरी करू नकोस.

तुझ्या मायेला जागली नाही ती, आजपासून जागणारी,
बारकी

*

१६ मार्च

चि. बारके,
पोटाशी धरून आशीर्वाद.

प्रायश्चित्त वगैरे काही नको. पातेलं तू स्वच्छ घासलं होतंस, एवढं मला आठवतं. पुढचं पत्र चार पानांचं लिही म्हणजे झालं.

तुझ्या पत्रातल्या एका गोष्टीने मला शरमल्यासारखं झालं, ती तुझ्यापासून लपवणार नाही. तुला वाटतं मी दादाला खरी माहिती लिहिली म्हणजे मी मोठ्या मनाची. तसं नाही. आपल्यावरून जग ओळखायची त्याची सवय मला लहानपणापासून माहीत आहे. मी खोटं लिहिलं असतं तर कदाचित कुठेतरी चुकले असते, त्याला वास लागला असता. खरं लिहिलं तर तो त्याच्या नेमकं उलट करील, हे मला पत्र पाकिटात घालतानाच दिसत होतं. चोराच्या मनात चांदणं. म्हणून मी खरं लिहिलं, आणि अगदी नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं. तो पकडला जावा म्हणूनच लिहिलं.

पण तुझं पत्र आलं आणि मला कळेना की आता मला आणखी काय हवं आहे. तू माझं मानावंस यासाठी मी अकरा वर्षं जीव टांगून बसले होते. ते मिळालं. त्या दिवशी मी खिडकी अर्धा तास उशिरा उघडली आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मला चांगलं फैलावर घेतलं. तेही मला गोड लागलं.

तरी त्याच्यावरचा राग गेलेला नाही. सही करीन की नाही, ते मी आज सांगत नाही, कारण मला ठाऊक नाही. एक मात्र ठरवलंय. जे काही करीन ते उघड करीन. फोनवर कुजबुजून कुणाला रांगेत उभं करणं मला जमायचं नाही.

तुझी, आता नुसतीच तुझी,
ताई

*

२५ मार्च, गुरुवार, दुपारी साडेबारा

चि. नकटीस,
आशीर्वाद.

हमालाच्या हाती चिठ्ठी पाठवतोय. मी इथे विश्रांतिगृहाच्या बाकावर आहे, तुझी खिडकी मला दिसते. कोट काढायला लावला. शिंप्याचा टाका दिसत नव्हता, पण कोट एका बाजूला लोंबत होता म्हणे. हार नेला, पासपोर्ट नेला. अधिकारी तरुण आहे, पण फार उद्धट.

तू यादीत लिहिलं होतंस ते सगळं खरं निघालं. माझ्या पुढचा माणूस लाल पाटीखालून गेला, सोनं लिहून दिलं, पिवळा कागद घेऊन हसत बाहेर पडला. मग तू मला स्पष्ट का सांगितलं नाहीस की हे खरं आहे? म्हणजे सांगितलंस, पण मला पटेल असं का नाही सांगितलंस?

आता वेळ घालवू नकोस. जामीनदाराचा फॉर्म तुझ्याकडेच असतो असं हमाल म्हणाला. दोन वाजता खिडकी उघडली की येऊन सही कर, अडीचची बस मिळाली तरी संध्याकाळपर्यंत मुलीकडे पोचेन. उद्या अकराला लग्न आहे. साक्षीदार मी आहे. बाप नसला तर लोक काय म्हणतील, तिला काय वाटेल, याचा विचार कर. मागचं काही मनात असेल तर मी मोठा असून तुझी क्षमा मागतो, पण आधी सही कर.

गोळ्या डबीत होत्या, त्याही काढून घेतल्या. डॉक्टरची चिठ्ठी मागतायत.

दादा

*

२७ मार्च, शनिवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी गुरुवारी मिळाली होती. गोळ्या मी त्याच दुपारी नव्या घेऊन हमालाच्या हाती मूळ पाकिटात पाठवल्या, इथल्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी लावून. मिळाल्या असतीलच. तुझा जीव घ्यायचा नव्हता मला.

आधी कामाचं सांगते. सोमवारी साडेदहाला दुसऱ्या दालनात सुनावणी आहे. सराफाची पावती आणि मुलीचा पत्ता दोन प्रतींत ने. पहिलीच चूक आहे म्हणून दंड भरून हार परत देतात, पासपोर्टही देतात. अधिकाऱ्याशी वाद घालू नकोस, तो उद्धट नाही, त्याला दिवसातून साठ माणसं खोटं सांगतात. विश्रांतिगृहातला डावीकडचा नळ पिण्याच्या पाण्याचा आहे. हेही सगळं खरं आहे, यावेळी तरी मान.

आता सहीचं. फॉर्म मी गुरुवारी दुपारीच काढला. तुझं नाव, पासपोर्टचा क्रमांक, नातं, सगळे रकाने भरले. सख्खा भाऊ असं लिहिताना पेन अडलं नाही. शेवटची रेघ मात्र मोकळी ठेवली. बाकावरून तू माझ्याकडे बघत होतास, तेही मी पाहिलं. मला बरं वाटलं, दादा. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. नऊ दिवस रांगेत उभं राहून माझे पाय सुजले होते, त्या पायांना बरं वाटलं.

पण तुझ्या मुलीला अंधारात ठेवून हे करणं मला जमेना. म्हणून शुक्रवारी पहाटेची बस धरून मी तिच्याकडे गेले. तो भरलेला फॉर्म आणि बारकीला लिहिलेलं तुझं पत्र बरोबर घेतलं. ती कचेरीच्या पायऱ्यांवर उभी राहून तुझी वाट पाहत होती. साधीच साडी नेसली होती, केस तुझ्या बायकोसारखेच, कपाळावर येणारे. मी तिला मी कोण ते सांगितलं, तिचे वडील माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर आहेत हे सांगितलं, आणि माझ्या एका सहीने ते सुटले असते पण मी ती केली नाही, हेही सांगितलं. तिने का म्हणून विचारलं तेव्हा तुझं पत्र तिच्या हातात दिलं.

तिने ते दोनदा वाचलं. मग मला म्हणाली की अण्णा आजोबांनी त्या दिवसांत तिला दारातल्या पायरीवर बसवलं होतं, आत्या येताना दिसली की पळत येऊन सांग म्हणून. ती बारा वर्षांची होती. शाळा बुडवून आठवडाभर बसली. नंतर तूच तिला उठवलंस आणि आत्या येणार नाही, उगाच बसू नकोस असं सांगितलंस. हे मला ठाऊक नव्हतं.

मी तिला म्हटलं की तिची इच्छा असेल तर मी दुपारच्याच बसने परत जाते, सही करते, तू येशील. आत जाऊन नोंदणी अधिकाऱ्यालाही विचारलं. तो भला माणूस, म्हणाला की वडिलांसाठी थांबायचं असेल तर सोमवारी अकराची वेळ रिकामी आहे, काही अडचण नाही. मुलाकडच्यांनीही मान डोलावली. सगळे तिच्याकडे बघत होते. मी फॉर्म उघडून तिच्यापुढे धरला होता, पेनही काढलं होतं. तिने हो म्हटलं असतं तर मी शब्द पाळला असता, हे तू मानणार नाहीस, पण पाळला असता.

तिने फॉर्मची घडी घालून माझ्या पिशवीत परत ठेवली. डोळे पुसले आणि अधिकाऱ्याला सांगितलं की सोमवारपर्यंत थांबायचं नाही, माझ्याकडून आत्या आली आहे, सुरू करा.

तुझ्या जागी सही मी केली. लहान तोंडी मोठा घास घेतला, त्याची क्षमा मागत नाही.

तुझी बहीण